घंटी सासूबाईंनी वाजवली

जुन्या इंग्रजी पिक्चरांबद्दल मला इतकं पाठ होतं की ऑफिसात लोक मुद्दाम थांबवून विचारायचे. आणि त्यातला एकही पिक्चर मी पाहिलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती होता ते कळेल.

मी मूळची पेठची, नाशिकजवळच्या तालुक्याच्या गावची. वडील पंचायत समितीत कारकून होते. पिक्चर बघायचा तर नाशिकला यावं लागे, आणि नाशिकला येणं म्हणजे दवाखाना, कापडखरेदी किंवा लग्न. वर्षातून एखादा हिंदी पिक्चर वाट्याला यायचा, तोही शेवटची एसटी चुकेल म्हणून वडील संपायच्या आधीच उठवायचे. लग्न होऊन मी नाशिकच्या इंदिरानगरात आले, विमा कंपनीच्या ऑफिसात लागले. तिथे जेवणाच्या सुट्टीत डबे संपले की प्रश्नोत्तरं चालायची. राजधान्या, क्रिकेट, कोण कुठल्या साली पंतप्रधान झालं. यात मला कुणी हरवू शकत नव्हतं. शाळेपासून मला हा नाद होता.

आमच्यातल्या एक वरिष्ठ बाई देवळालीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. त्या एकदम जुन्या हॉलिवूडवर घसरायच्या. अमुक नटीचं पाळण्यातलं नाव काय, तमुक नटानं किती लग्नं केली, कुठल्या पिक्चरच्या शेवटच्या दृश्यात खरा पाऊस होता. सगळे गप्प. मग त्या माझ्याकडे बघून हसायच्या. एकदा मी काहीतरी अंदाजानं बोलायला गेले तर म्हणाल्या, "तू राहू दे गं. हे तुमच्याकडे नसतं."

तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे? पेठला? मराठी शाळेत? मी विचारलं नाही. पण तो शब्द मला कुसळासारखा टोचत राहिला.

वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. जुने पिक्चर, नट, नट्या, दिग्दर्शक, सगळ्यांची माहिती. बारीक टाईप, एकही फोटो नाही. ते घरी द्यायचे नाहीत. मग दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी तिथे बसून वह्या भरायला लागले. दोन वर्षांत चार वह्या झाल्या. कुणाचं खरं नाव काय, कुणाचं कुणाशी पटायचं नाही, कुणी पडद्यावर कधीच टोपी काढली नाही. रोज सकाळी पोळ्या लाटताना मी त्या वह्या मनातल्या मनात म्हणायचे.

नवरा म्हणायचा, "अगं, पिक्चर बघायचे असतात, पाठ करायचे नसतात."

"कुठे बघू?"

नाशिकच्या थिएटरांत इंग्रजी पिक्चर लागायचे ते सकाळच्या खेळाला, आणि त्यात एक तर मारामारी असायची नाही तर मोठाले साप. माझ्या वह्यांतले नट तिथे कुठून येणार?

कॉलेज रोडवर एक क्लब होता. तिथे दर डिसेंबरात जुन्या हॉलिवूडवर प्रश्नमंजूषा व्हायची. निवृत्त इंजिनिअर असलेले एक गृहस्थ ती चालवायचे. बाहेरच्यांनाही प्रवेश होता, पण जोडीनं, आणि जोडी एका घरातली हवी. ऑफिसच्या बाईंनीच मला हे सांगितलं, गंमत म्हणून. मी नवऱ्याला घेऊन गेले. तो बिचारा कोट घालून तासभर बसला आणि एकदाही तोंड उघडलं नाही. उत्तरं मला येत होती. पण ती नावं मी फक्त वाचलेली होती, ऐकलेली नव्हती. एका नटाचं नाव मी अक्षर लावून जसंच्या तसं उच्चारलं. त्यातली निम्मी अक्षरं गप्प असतात हे मला कुठून माहीत असणार! सभागृह हसलं. संयोजक फार सभ्य माणूस. म्हणाले, "मॅडम, आपल्याला जे म्हणायचं होतं ते आम्हाला समजलं. अर्धा गुण देऊ." आमचा शेवटून दुसरा नंबर आला.

पुढच्या वर्षी नवऱ्यानं हात जोडले. "काहीही सांग. सिलिंडर आणतो, दळण आणतो. पण ते नको." मुलगी पहिलीत होती. घरात उरल्या सासूबाई.

सासूबाई मनमाडच्या. जन्म तिथला, सासरही तिथलंच. वडील रेल्वेत फिटर, नवराही रेल्वेत. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. शिक्षण चौथी. स्वयंपाकघरात त्यांचा रेडिओ चालू असायचा, आणि भाजीवाल्याशी त्या हिंदीत भांडायच्या. माझ्या वह्यांना त्या "हिची पोथी" म्हणत. या विषयात त्यांचा काही उपयोग असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तेव्हा केबलवर कार्टूनचं एक चॅनेल होतं. रात्री नऊ वाजले की त्याच चॅनेलवर कार्टून संपून जुने इंग्रजी पिक्चर सुरू व्हायचे. मुलीला नऊ म्हणजे नऊला झोपवायचं असा घरात नियम होता. नऊच्या ठोक्याला आमचा टीव्ही बंद व्हायचा, त्यामुळे हे मला ठाऊकच नव्हतं. एकदा मुलगी हट्टाला पेटली आणि बंद करायला पाच-दहा मिनिटं उशीर झाला. पडद्यावर काळा-पांढरा पूल, धुकं आणि एक टोपीवाला माणूस आला. मी बटणाकडे हात नेला.

"बंद नको करू," सासूबाई म्हणाल्या. त्या लसूण सोलत होत्या. "हा मरतो आता."

"कोण?"

"हा टोपीवाला. पुलावर मरतो. सुरुवातीलाच. आणि त्याची बायको रडत नाही, बघ तू. नुसते हातमोजे काढते."

मी उभीच राहिले. माणूस पुलावर मेला. बाईला निरोप आला. ती खिडकीशी गेली आणि एकेक बोट ओढत तिनं हातमोजे काढले.

"आई, तुम्ही हा कुठे पाहिला?"

"मनमाडला. इन्स्टिट्यूटमध्ये." रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे तिथल्या क्लबात, दर शनिवारी इंग्रजी पिक्चर दाखवायचे, साहेब लोकांसाठी, गार्ड-ड्रायव्हरांसाठी. "आम्ही पण जायचो सगळ्या. पोरी, बायका. लय पिक्चर पाहिले. कळायचं काही नाही, पण पाहायचो."

कुठे बसून पाहायचात, हे मी विचारलं नाही. विचारायचं सुचण्यासारखं ते नव्हतंच.

त्या रात्री मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आनंद झाला, पण त्यात मत्सरही होता. मी चार वह्या भरल्या, आणि या बाईनं लसूण सोलता सोलता मला मागे टाकलं. माझ्याकडे नावं होती, चेहरे नव्हते. त्यांच्याकडे चेहरे होते, एकही नाव नव्हतं. दोघींचं मिळून एक पूर्ण माणूस होणार होतं. मी तिथेच ठरवलं की डिसेंबरात यांना घेऊन जायचं.

आम्ही तयारीला लागलो. तयारी म्हणजे नुसता मनस्ताप होता. सासूबाईंनी प्रत्येक नटाला आपलं नाव ठेवलेलं. एक होता शिंकऱ्या, कारण तो बोलायच्या आधी नाक आक्रसायचा. एक हातमोजेवाली. एक मेणबत्ती, पांढरीफटक आणि सरळ. एक जावई, कारण तो दर पिक्चरमध्ये कुणाच्या तरी घरी फुकट राहायचा. पिक्चरच्या सुरुवातीला नावं झरझर वर सरकायची, ती मी टिपायची, मग चेहरा आला की सासूबाईंनी सांगायचं हा शिंकऱ्या, आणि मी वहीत लिहायचं की शिंकऱ्या म्हणजे अमुक. ऐकायला सोपं वाटतं. पण नावं यायच्या वेळी मुलीचं दूध उतू जायचं. कधी वीज जायची. केबलवाला मधूनच चॅनेल हलवायचा, तक्रार केली तर म्हणायचा, "ताई, ते चॅनेल बघतं कोण?" सगळं जुळून आलं तर सासूबाई पहिल्या पाच मिनिटांत अख्खी गोष्ट सांगून मोकळ्या, की खून यानं केला, ही त्याची बहीण, शेवटी जहाज बुडतं. मला आयुष्यात पहिल्यांदा हे पिक्चर बघायला मिळत होते आणि एकाचाही शेवट मला माझा म्हणून पाहता येत नव्हता.

"आई, सांगू नका ना आधी."

"मग तुला कळणार कसं? इंग्लिश तर तुलापण पुरतं कळत नाही."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागायचं. मी वही पुढे केली की म्हणायच्या, "मला शाळेत घालू नको."

एकदा एक नट टेबलाशी बसून पत्र लिहीत होता. सासूबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा उजव्या हातानं लिहितोय."

"मग?"

"तेव्हा डावखुरा होता."

मला वाटलं, वय झालं, एखादी गोष्ट इकडची तिकडे होणारच. तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी तेव्हा दिग्दर्शकाचं नाव लिहून घेत होते.

स्पर्धेच्या दिवशी सासूबाईंनी इरकल नेसली, जी त्या फक्त लग्नाकार्याला काढायच्या. रिक्षात दोनदा विचारलं, "पडदा मोठा असेल ना?" मी मनात सनावळ्या म्हणत होते. "असेल," म्हटलं.

आठ जोड्या होत्या. प्रत्येक टेबलावर डॉक्टरांकडे असते तशी, वरून दाबायची घंटी. संयोजक प्रश्न इंग्रजीत विचारायचे. मी सासूबाईंच्या कानात मराठीत सांगायचे. लोक कौतुकानं बघत होते, म्हणजे लहान मुलाच्या नाचाकडे बघतात तसं. ऑफिसच्या बाई दुसऱ्या रांगेत होत्या.

फोटो ओळखायच्या फेरीत ते कौतुक थांबलं. संयोजकांनी मासिकातून कापलेला एक चेहरा दाखवला, डोळे झाकलेले, नुसतं नाक आणि ओठ. सासूबाई कुजबुजल्या, "जावई." मी घंटी दाबली आणि नाव सांगितलं. बरोबर. दुसरा, पाठमोरी बाई. "मेणबत्ती. मान बघ तिची." बरोबर. सहा फोटोंपैकी पाच आम्ही घेतले. उच्चाराचीही मी वर्षभर घोकंपट्टी केली होती, सगळी गप्प अक्षरं गप्प ठेवली. शेवटच्या फेरीअखेर आम्ही आणि कॉलेज रोडचं एक डॉक्टर जोडपं बरोबरीत आलो. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे बघून मान झुकवली. ती मान अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. जन्मात एवढं सुख मला कशानं झालं नसेल.

निकालासाठी एकच प्रश्न होता. जो आधी घंटी वाजवेल त्याचा. उत्तर चुकलं तर गुण समोरच्याचा.

समुद्री चाच्यांच्या एका जुन्या पिक्चरचं नाव घेऊन संयोजकांनी विचारलं, "कप्तानाच्या कोणत्या डोळ्यावर काळी पट्टी होती?"

हे माझ्या एकाही वहीत नव्हतं. मी कानात सांगितलं, "चाच्यांचा कप्तान, पट्टी कुठल्या डोळ्यावर—"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाईंनी घंटी दाबली. माझ्या हाताखालून हात घालून दाबली आणि मराठीत मोठ्यानं म्हणाल्या, "डावा! डाव्या डोळ्यावर. मी पंधरा वेळा पाहिलाय त्याला."

संयोजकांनी हातातला फोटो सावकाश वळवून दाखवला. पट्टी उजव्या डोळ्यावर होती.

"सॉरी, आजी."

"फोटो उलटा छापलाय," सासूबाई म्हणाल्या.

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. सासूबाई उभ्या राहिल्या. "खरंच सांगते. उलटा आहे तो. बघा ना, तलवार पण चुकीच्या बाजूला आहे." मी त्यांचा पदर धरून खाली ओढलं. डॉक्टर जोडप्याला फिरता चषक मिळाला. आम्हाला दुसऱ्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्रक, त्यावर सासूबाईंच्या नावाची वेलांटीही चुकलेली. निघताना ऑफिसच्या बाई म्हणाल्या, "मजा आली हं. यू वेअर सो क्यूट, दोघी."

रिक्षात बसल्यावर सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "उलटाच होता गं तो फोटो."

"आई, पुरे! फोटो बरोबर होता. चुकलात तुम्ही. मी सांगेपर्यंत थांबता येत नव्हतं? मी गप्प बसले असते, त्या डॉक्टरांनी घंटी मारली असती, कदाचित ते चुकले असते. वर्षभर मरमर केली मी." आणि मग मी नको ते बोलले. म्हणाले, "चौथी शिकलेल्या बाईला घेऊन गेले, हीच माझी चूक."

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" तर सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्या आलो," आणि इरकल बदलून कुकर लावायला गेल्या.

त्यानंतर नऊ वाजले की त्या उठून आत जायच्या. मी एकटीनं बघायचा प्रयत्न केला. चेहरे यायचे, जायचे. मजा वाटेना, आणि मजा वाटत नाही याचाही राग येई.

संक्रांतीच्या सुमारास मनमाडहून त्यांचे धाकटे भाऊ आले. जेवताना नवऱ्यानं त्यांना स्पर्धेची हकीकत रंगवून सांगितली, पट्टीपर्यंत. मामा ताटावर बसल्या बसल्या हसायला लागले, ठसकाच लागला त्यांना.

"अगं तायडे," ते म्हणाले, "आपण बसायचो कुठं?"

सासूबाईंना कळेना. मलाही कळेना.

मग मामांनी सांगितलं. इन्स्टिट्यूटच्या पटांगणात दोन बांबूंना चादरीसारखा पडदा बांधायचे. पुढे खुर्च्या, तिथे साहेब आणि त्यांची कुटुंबं. फिटर आणि त्यांच्या हाताखालच्या खलाशांच्या बायकापोरांना पुढे यायला मज्जाव, त्यांनी पडद्याच्या मागे, जमिनीवर बसायचं. कापडातून पलीकडचं चित्र आरपार दिसायचं. "पण उलटं दिसायचं ना सगळं! डावीकडचं उजवीकडे. ती इंग्लिश अक्षरंपण उलटी यायची. आपल्याला कुठं वाचता येत होतं कळायला! मी पुढं रेल्वेत लागलो, खुर्चीत बसून पाहायला लागलो, तेव्हा उजेड पडला. तुझं तोवर लग्न झालेलं."

सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघितलं, एकदा या, एकदा त्या.

"म्हणजे उजवाच?" त्या म्हणाल्या.

"उजवाच."

सगळे हसले. मी पण तोंडदेखलं हसले, पण आतून मला किंचाळावंसं वाटत होतं. पट्टी, तलवार, हातमोज्यांची बटणं, इतक्या वर्षांपूर्वीचं सगळं त्यांना जसंच्या तसं आठवत होतं. कुणीतरी त्यांना कापडाच्या चुकीच्या बाजूला बसवलं होतं, एवढंच. आणि मी ते एकदाही विचारलं नव्हतं. राग काढायचा तर कुणावर? त्या साहेबांपैकी कोण जिवंत असणार? उरले मी, आणि रिक्षातलं ते वाक्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले. "आई, त्या दिवशी मी बोलले ते—"

"बोललीस ते बोललीस. चौथीच शिकलेय मी. खोटं कुठं होतं?" थोडा वेळ खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं तिथं पिक्चर दाखवतील. म्हटलं, एकदा पुढं खुर्चीत बसून पाहावा. घंट्या वाजवायला मी कशाला येते?"

मी ठरवलं की यांना तो चाच्यांचा पिक्चर खुर्चीत बसून दाखवायचाच. टीव्हीवर नाही, पडद्यावर. ठरवायला पाच मिनिटं लागली, घडायला जवळजवळ तीन वर्षं.

क्लबात महिन्यातून एकदा पिक्चर दाखवायचे, पण फक्त सभासदांना. स्पर्धेला बाहेरचे चालत, पिक्चरला चालत नसत. मी संयोजकांना भेटले. फार सभ्य माणूस. "नियम आहे, मॅडम. मी वैयक्तिक काही करू शकत नाही." सभासद व्हायचं तर दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागत. एक सही डॉक्टरीणबाईंनी लगेच केली. दुसरी मागायला ऑफिसच्या बाईंशिवाय माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांनी मला तीनदा घरी बोलावलं. एकदा पेन नव्हतं, एकदा पाहुणे होते. तिसऱ्या वेळी सही करताना म्हणाल्या, "एवढं काय गं मनाला लावून घेतेस?" मग कमिटीची बैठक लांबली. मग क्लबचं पिक्चर दाखवायचं जुनं यंत्र बिघडलं आणि नवा प्रोजेक्टर येईपर्यंत वर्ष गेलं. तोवर कार्टूनच्या चॅनेलवरचे पिक्चरही बंद झाले. अधूनमधून सासूबाई विचारायच्या, "त्या क्लबचं काय झालं?" आणि मी उगाच त्यांच्यावरच खेकसायचे, जसं काही त्यांनीच फाईल अडवली होती.

शेवटी संयोजकांनी मुंबईहून त्या पिक्चरची डिस्क मागवली. रविवारी संध्याकाळी पाचचा खेळ. आम्ही चारलाच पोचलो. पहिल्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या मी धरल्या. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा होता. मी विचारलं, "दिसतंय ना नीट?" त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. आता झालं.

पिक्चर सुरू झाला. जहाज आलं. सासूबाई अस्वस्थ व्हायला लागल्या. "ते तिकडून यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. कप्तान आला, पट्टी उजव्या डोळ्यावर. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "बाई बाई, उजवाच!" हे जरा मोठ्यानं झालं. मागून कुणीतरी "श्श" केलं. थोड्या वेळानं त्या पुन्हा बोलल्या, "आता तो आचारी येईल, लंगडा." पुन्हा श्श. त्या मागे वळल्या आणि सरळ विचारलं, "इथं बोलायचं नाही का?"

"नाही, आजी," कुणीतरी म्हणालं.

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आम्ही तर सगळ्या बोलायचो. कोण काय म्हणतंय ते आम्हीच लावायचो. शेजारची यमुना... जाऊ दे." पुढे दहा-बारा मिनिटं त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. पडद्यावर लोक भरभरून इंग्रजी बोलत होते. मला निम्मं कळत होतं, त्यांना काहीच नाही. मग त्यांनी पिशवी उचलली.

"चल."

"आई, अर्धापण नाही झाला."

"मला माहितीये पुढचं."

"मला नाही माहीत!" मी म्हणाले, आणि यावेळी श्श माझ्यासाठी आलं.

त्या उठून चालायलाच लागल्या. पडद्यावर त्यांची सावली पडली, कप्तानाच्या तोंडावर. मी मागोमाग गेले. दाराशी संयोजक उभे होते. "काय झालं? आवडला नाही?" तीन वर्षांची खटपट त्यांनाही ठाऊक होती. सासूबाई म्हणाल्या, "चांगला आहे हो. पण पाहिलेला आहे."

रिक्षात त्यांनी आपणहून पुढची गोष्ट सांगायला घेतली. कप्तान पकडला जातो, त्याची मुलगी राजाकडे जाऊन रडते, राजा सोडून देतो. माझ्या वहीत वेगळं होतं. ती मुलगी नव्हती, पुतणी होती, आणि कप्तानाला फाशी होते.

"फाशी होते, आई."

"होत नाही. सोडतो राजा."

"पुस्तकात दिलंय. मी लिहून घेतलंय."

"मग तुझंच बरोबर," त्या म्हणाल्या आणि मुंबई नाका येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. पिक्चर संपेपर्यंत बसलो असतो तर दोघींनाही कळलं असतं, हे मी बोलायचं टाळलं. तेवढंच काय ते टाळलं.

त्या डिसेंबरात मी स्पर्धेला आता जरा मोठ्या झालेल्या मुलीला घेऊन गेले. तिनं माझ्या वह्या वाचल्या नव्हत्या, पिक्चरही पाहिले नव्हते, पण घंटीवर हात जोरात मारायची. तिसरा नंबर आला. पुढच्या वर्षीपासून स्पर्धा बंद झाली. संयोजक मुलाकडे पुण्याला गेले, आणि तोपर्यंत लोक असले प्रश्न घरी कॉम्प्युटरवर शोधायला लागले होते.

तिसऱ्या नंबरची बातमी घेऊन घरी आलो तेव्हा सासूबाई शेंगा फोडत होत्या.

"कितव्या आलात?"

"तिसऱ्या."

"तिसऱ्या काही वाईट नाही," त्या म्हणाल्या. आणि मला त्याचाही राग आला.